बसल्या जागी

आमच्या कचेरीचा मेल सर्व्हर २००५ साली जिन्याखाली राहत असे. शेजारी केरसुणी, फिनाइलचा डबा आणि आदल्या गणपतीचं थर्माकोलचं मखर. सकाळी साडेदहाला सगळे जण खुर्चीत टेकून एकदम मेल उघडायला लागले, की जिन्याखालून घरघर सुरू व्हायची. दमेकऱ्याला पर्वती चढायला लावल्यासारखी. नव्याने लागलेल्या एका मुलीचा तर आठवडाभर असा समज होता, की खाली पिठाची गिरणी आहे. दळण किती वाजेपर्यंत घेतात, असं तिने एकदा शिपायाला विचारलंही.

ही घरघर थांबवायचं काम माझ्याकडे आलं. मी खरा हिशेब विभागातला माणूस. पण दोन वर्षांपूर्वी मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता, आणि ज्याच्या हातून एकदा कागद निघाला त्याच्या नावावर 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' हा शेरा कायमचा बसतो. मग त्याने कितीही कानांवर हात ठेवले तरी उपयोग नसतो.

तक्रार अशी होती, की दुसऱ्या मजल्यावरून साहेबांनी पाठवलेला मेल पहिल्या मजल्यावर पोचायला चाळीस मिनिटं लागत. साहेबांनी त्यावर स्वतःच एक तोडगा काढला होता. मेल पाठवला, की ते शिपायाला खाली पिटाळत: "जा, मेल पाठवलाय म्हणून सांग." शिपाई येई, निरोप देई, चहा घेई, कोपऱ्यावर जाऊन विडी ओढी आणि परत वर जाई, तरी मेलचा पत्ता नसे. शेवटी साहेब मेलची प्रिंट काढून शिपायाच्याच हाती पाठवू लागले. अशा रीतीने आमची कचेरी इंटरनेटच्या युगात शिरून मागच्या दाराने बाहेर पडली.

मी जिन्याखाली वाकून यंत्रात डोकावलो. 'टॉप' नावाची एक आज्ञा दिली, की यंत्रावर किती बोजा आहे ते कळतं. आकडा होता ३८. म्हणजे स्वयंपाकघरात शेगडी एक आणि तिच्यासमोर पातेली घेऊन उभ्या ३८ सुना. आणि प्रत्येक सुनेच्या पातेल्यावर एकच नाव: स्पॅमअसॅसिन.

हा स्पॅमअसॅसिन म्हणजे कचरा मेल चाळणारी चाळणी. कचऱ्याचा इतिहास तसा जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकगठ्ठा पाठवली. तिला पहिला स्पॅम मानतात. लोक भडकले, पण संगणक खपले. पुढचं सगळं या दुसऱ्या गोष्टीमुळे झालं. २००१ साली जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रामरने ही चाळणी लोकांपुढे ठेवली. तिची पद्धत आपल्याकडच्या माणसाला चटकन समजते, कारण ती गुणमेलनाची आहे. विषय सगळा मोठ्या लिपीत? एवढे गुण. तारखेत गडबड? एवढे गुण. औषधाचं नाव मुद्दाम चुकीचं लिहिलंय? आणखी गुण. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले की लग्न ठरतं; इथे ५ जुळले की फारकत.

चाळणीबद्दल माझी तक्रार नव्हती. ती चालवायची तऱ्हा भयंकर होती.

मेल आला, की सेंडमेल तो प्रोकमेलकडे देई. प्रोकमेल म्हणजे ज्याचं टपाल त्याच्या खणात टाकणारा. खणात टाकण्याआधी त्याने चाळणीला विचारायचं, हा कचरा आहे का? आणि इथे त्या चाळणीचा जन्म होत असे. मी शब्द जपून वापरतो आहे. तोवर ती नसेच. आधी डिस्कवरून पर्ल भाषेचा दुभाष्या उठून रॅममध्ये येई, हे बाळंतपण. मग तो डझनावारी मॉड्यूलं एकेक करून वाची. हे बालवाडी ते दहावी. मग नियमांच्या फायली. शेकड्यांनी नियम, एकूण एक पाठ, हे कॉलेज. मग त्यातला प्रत्येक नियम भराभर ताडून पाहता येईल अशा रूपात बांधून ठेवायचा, ही पीएचडी. एवढं सगळं झालं, की चष्मा लागलेला तो प्रकांडपंडित समोरचा मेल उचली. त्यात लिहिलेलं असे: 'आज डबा आणला नाही. खाली जायचं का?'

पंडित म्हणे, कचरा नाही. आणि मरे.

जागच्या जागी. निवृत्ती नाही, सत्कार नाही, नारळ नाही. शिकलेलं सगळं बरोबर घेऊन जाई. एवढ्यात दुसरा मेल येई: 'जाऊ या.' की पुन्हा बाळंतपण, पुन्हा बालवाडी, पुन्हा तेच शेकडो नियम पाठ. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा म्हणजे काय, हे मला कीर्तनात कधी नीट उमगलं नव्हतं, जिन्याखाली उमगलं.

या एका आयुष्याला आमच्या यंत्रावर साडेतीन सेकंद लागत. त्यात मेल वाचण्याचं काम अगदी शेपटाएवढं. बाकी सगळी तयारी. शिवाय प्रत्येक पंडिताला राहायला २५-३० एमबी जागा लागे, आणि यंत्राची रॅम सगळी मिळून २५६. दहा पंडित एका वेळी जन्मले, की घर भरलं. मग यंत्र जास्तीची मंडळी डिस्कवर नेऊन झोपवतं. त्याला स्वॅप म्हणतात. लग्नघरात गाद्या पुरल्या नाहीत की पाहुणे शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवतात, आणि मग रात्रभर कुणाचं पांघरूण इकडे राहिलं, कुणाच्या गोळ्या तिकडे, अशा खेपा चालतात, अगदी तसं. ती घरघर या खेपांची होती.

तयारी फार आणि काम थोडं, हे दृश्य आमच्या घरी मी लहानपणापासून बघत आलो आहे. सदाशिव पेठेतल्या लग्नाला निघायचं. जायला दहा मिनिटं, अक्षता टाकायला पाच, जेवायला वीस. आणि निघायला दोन तास. कुणाचा मॅचिंगचा ब्लाउज मिळत नाही, कुणाचा पट्टा इस्त्रीखाली, कुणी आंघोळीला आत्ता शिरलंय. या गोंधळात आई मात्र दारातल्या खुर्चीत चार वाजल्यापासून नेसून, पर्स मांडीवर धरून बसलेली. तिला कुणी कधी निघायला सांगत नसे. दार उघडलं, की ती उठे, एवढंच. त्या वेळी मला या दृश्यात काही तांत्रिक मर्म असेल असं वाटलं नव्हतं.

आमची चाळणी ज्या पर्लमध्ये लिहिलेली, ती भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली जन्माला घातली. चांगल्या प्रोग्रामरच्या अंगी तीन सद्गुण हवेत असं त्यांचं सांगणं प्रसिद्ध आहे: आळस, उतावीळपणा आणि अहंकार. हे वाचून मला आमच्या कचेरीचा अभिमान वाटला. तिन्ही गुण आमच्याकडे मजलेवार वाटलेले होते. तळमजल्यावर पहिला, दुसऱ्या मजल्यावर शेवटचा. तरी आमच्याकडून एखादी भाषा का निघाली नाही कोण जाणे.

आता उपाय. पहिला उपाय कचेरीतल्या माणसाला सुचतो तोच: जास्तीची रॅम मागणे. मी प्रस्ताव टाकला. त्यावर तीन कोटेशनं मागवा असा शेरा आला. ती मागवली, तर तिघांच्या कोटेशनांत रॅमचं स्पेलिंग सारखंच चुकलेलं, म्हणून ती एकाच दुकानातली असावीत असा आक्षेप आला. प्रस्ताव अजून कुठेतरी जिवंत असेल.

दुसरा उपाय प्रोकमेलमध्येच होता. कुलूप घालायचं: एका वेळी एकच पंडित जन्मेल, बाकीच्यांनी थांबायचं. कुटुंबनियोजन. घरघर कमी झाली खरी, पण दारात रांग लागली, आणि चाळीस मिनिटांचे पंचावन्न झाले. शिपाई माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागला. त्याच्या नोकरीला आता धक्का नव्हता.

तिसरा उपाय पहिल्या दिवसापासून चाळणीच्या फायलींबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिलेला होता. मी ते वाचलं नव्हतं. माहितीपत्रक म्हणजे सगळं थकल्यावर वाचायची गोष्ट, अशी आमची पिढी. त्यात म्हटलं होतं: चाळणीला दर वेळी जन्माला घालू नका, तिला एकदाच उठवून बसवून ठेवा आणि तिच्याकडे मेल नेऊन देणारा एक हलका पोऱ्या ठेवा. बसलेलीचं नाव स्पॅमडी, पोऱ्याचं नाव स्पॅमसी. मी स्पॅमडी सुरू केला, आणि मग स्क्रिप्टमधल्या ज्या ओळीत 'स्पॅमअसॅसिन' होतं तिथली इंग्रजी बारा अक्षरं खोडून पाच लिहिली. माझ्या तांत्रिक कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं काम, आणि त्यात निव्वळ सात अक्षरांची बचत.

स्पॅमडीतला शेवटचा 'डी' म्हणजे डीमन. हे नाव प्रथम आमच्या हेडक्लार्कना कळलं ते वेगळ्या वाटेने. त्यांनी एक मेल चुकीच्या पत्त्यावर पाठवला, तो परत आला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं 'मेलर डीमन'. हेडक्लार्क जुन्या वळणाचे. त्यांनी उलटटपाली लिहिलं: 'श्री. डीमनसाहेब यांस सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. आपण कोणत्या शाखेत आहात ते कळावे.' याला उत्तर आलं नाही, त्याचा त्यांना राग आहे. परदेशी माणसांना पत्रोत्तराची रीत नसते, असं ते त्यानंतर म्हणू लागले.

नावाची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका पत्रात एक कल्पना मांडली. हवेने भरलेल्या दोन खोल्या, मध्ये एक बारीकसं दार, आणि दारावर एक चिमुकला जीव. तो वेगवान रेणू एका खोलीत सोडतो, मंद रेणू दुसऱ्या. दुसरं काही करत नाही. दारात बसतो आणि निवडतो. त्याला डीमन हे नाव नंतर विल्यम थॉमसन यांनी दिलं, म्हणजे पुढे जे लॉर्ड केल्व्हिन झाले त्यांनी. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी पडद्यामागे न थकता राबणाऱ्या प्रोग्रामांना तेच नाव ठेवलं. आता माझा एक दावा. छपाई बघणारा डीमन, घड्याळ बघणारा डीमन, असे पुढे ढिगाने निघाले. पण त्यातले बहुतेक दारात बसून निवडत नाहीत. ते काम शब्दशः करणारा मॅक्सवेलचा खरा वारस आमच्या जिन्याखाली होता, फिनाइलच्या डब्याशेजारी.

पण मला मॅक्सवेलपेक्षा वेतोबा लवकर आठवला. माझं आजोळ शिरोड्याचं, वेंगुर्ले तालुक्यातलं. शेजारच्या आरवलीत वेतोबाचं देऊळ आहे. मूर्ती उभी, पुरुषभराहून उंच. हा गावाचा राखणदार. रात्री सगळं गाव झोपलं की तो सीमेवरून फेरी मारतो, आणि फेऱ्या मारून मारून त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून त्याला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. लहानपणी आईने मला त्या झिजलेल्या वहाणांचे तळ दाखवले होते, आणि रात्री मी पांघरुणातून पाय बाहेर काढला नव्हता. कुणाला दिसत नाही, कुणाला हाक मारत नाही, सदैव जागा, आणि विसरलात तर मात्र जाणीव करून देतो. डीमन या शब्दाला कोशकारांनी राक्षस, सैतान, पिशाच असे काहीबाही प्रतिशब्द सुचवले असतील. राखणदार म्हटलं असतं तर हे डीमन ज्या युनिक्स प्रणालीत राबतात ती कोकणातल्या पोरांना अर्धी घरीच कळली असती.

तर हा आमचा राखणदार उठला, एकदाच शाळा-कॉलेज-पीएचडी केली, आणि ७८३ क्रमांकाच्या खिडकीत बसला. स्पॅमसी हा पोऱ्या सी भाषेत लिहिलेला. त्याला शिक्षण नाही, चष्मा नाही, संसार नाही. मेल उचलायचा, खिडकीत द्यायचा, निकाल लागला की घेऊन परतायचं. तोही दर मेलला जन्मतो आणि मरतो, पण काजव्यासारखा. त्याच्या मरणाची घरघर होत नाही.

राखणदार एकटा मात्र नसतो. बसल्या बसल्या तो आपल्यासारखीच पाच मुलं काढून ठेवतो. युनिक्समध्ये मूल म्हणजे बापाची हुबेहूब नक्कल. त्याला फोर्क म्हणतात. मूल जन्मतं तेच पीएचडी घेऊन. आणि जागा? इथे एकत्र कुटुंबाची पद्धत आहे. बापाची रॅम पाचही मुलं सामाईक वापरतात, सातबारा एकच. जोवर कुणी काही लिहीत नाही तोवर सगळं गुण्यागोविंदाने चालतं. एखाद्याने लिहायला घेतलं, की तेवढ्या पानाची वाटणी होऊन त्याला वेगळी प्रत मिळते. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पर्लची त्यात एक खोड अशी, की त्यात एखादी गोष्ट हाताळली तरी 'हिला इतके जण धरून आहेत' अशी तिच्यावरच नोंद होते. नोंद म्हणजे लिहिणं, आणि लिहिणं म्हणजे वाटणी. त्यामुळे मुलं काही वाईट न वागताही हळूहळू विभक्त होत जातात.

आणि मूल मेलं तर? मेलेल्या प्रोसेसला लगेच गती मिळत नाही. तिचं काम संपलेलं असतं, जागा सोडलेली असते, पण यादीत नाव लोंबकळत राहतं. अशा जिवाला झॉम्बी म्हणतात. बापाने येऊन 'वेट' नावाची एक विचारपूस केली, शेवट कसा झाला ते ऐकून घेतलं, की नाव पुसलं जातं. हे साहेबांना समजावताना मी झॉम्बी, पेरेंट, एक्झिट स्टेटस असं बरंच बोललो; त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शिपाई चहा ठेवत होता. तो म्हणाला, "म्हणजे पिंडाला कावळा शिवल्यासारखं." साहेबांना तत्काळ कळलं. बापच आधी गेला तर पोरक्या मुलांना प्रोसेस क्रमांक १ दत्तक घेतो आणि त्यांचे कावळे तो शिववतो, हेही त्यांनी मग मान हलवत ऐकून घेतलं.

बारा अक्षरांची पाच झाली त्या दिवशी लोड ३८ वरून एकच्या खाली आला. मेल पाठवल्याबरोबर पोचू लागले. घरघर थांबली. आणि साडेअकराला साहेबांचा फोन: "सर्व्हर बंद पडलाय का? आवाज येत नाहीये." मी चालू आहे म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी शिपायाला खाली पाठवून यंत्राला हात लावून बघायला सांगितलं. शिपायाने हात लावला आणि वर जाऊन सांगितलं, "कोमट आहे."

मला वाटलं, संपलं. पण जो कायम बसून असतो त्याचे म्हणून काही गुण असतात.

साहेब मेलचा विषय नेहमी सगळ्या मोठ्या लिपीत लिहीत: URGENT नव्हे तर URGENT URGENT, अशा थाटात. मोठ्या लिपीला गुण, उद्गारचिन्हांना गुण, शेवटी त्यांचा मेल पाचाच्या वर जाऊन कचऱ्यात. जुन्या घरघरीच्या दिवसांत मेल उशिरा येई, आता आलाच नाही. मी मुख्य नियमांच्या फायलीत साहेबांचा पत्ता 'हा आपला माणूस' म्हणून घातला आणि त्यांना सांगितलं, झालं काम. त्यांनी मेल पाठवला. कचऱ्यात. मी फाइल उघडून पाहिली. ओळ जागेवर होती. पुन्हा मेल. पुन्हा कचऱ्यात. दुपारपर्यंत मी त्या फायलीत साहेबांचा पत्ता चार वेळा घातला होता, एकदा 'माननीय' लावून.

गोम अशी होती, की ती फाइल कुणी वाचतच नव्हतं. पूर्वीचा पंडित दर जन्मी फायली नव्याने वाची, त्यामुळे काल बदललेला नियम त्याला आज ठाऊक असे. बसलेल्याने सकाळी एकदा वाचलं ते वाचलं. पस्तीस वर्षं एका टेबलावर बसलेल्या माणसाला नवं परिपत्रक दाखवून बघा. त्याच्या कानाशी जाऊन सांगावं लागतं. त्यासाठी 'हप' नावाचा एक इशारा आहे. मूळचा तो टेलिफोनची लाइन तुटल्याचा इशारा, पण बसलेल्या डीमनांनी त्याचा अर्थ 'ऊठ, फायली पुन्हा वाच' असा लावून घेतला आहे. तो मी दिला. साहेबांचे अडकलेले चार मेल परत पाठवले. चारही मेल, माझे मेल का मिळत नाहीत, याविषयी होते.

दुसरा गुण म्हणजे पसरणं. एका जागी बराच काळ बसलेला माणूस हळूहळू शेजारच्या टेबलाचा कोपरा, खिडकीचा कट्टा, कपाटाचा वरचा कप्पा व्यापत जातो. प्रोग्रामही तसाच. आज हे लक्षात ठेव, उद्या ते राहू दे, असं करत रॅम खात जातो. ज्यांनी स्पॅमडी लिहिला त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी ठरवून दिलं, की एका मुलाने २०० मेल तपासले की त्याने उठायचं, त्याच्या जागी ताजं मूल येईल. म्हणजे वहाणा झिजल्या की नवा जोड. दर मेलला मरण नको आणि अमरत्वही नको, म्हणून मधला आकडा २००. हेडक्लार्कना मी हा नियम उत्साहाने सांगितला. ते म्हणाले, "आमच्या खात्याला लागू करू नका."

तिसरा गुण मला मनापासून आवडतो. अडीचशे केबीहून जाड पाकीट असलं, तर आमचा पोऱ्या ते खिडकीत देतच नसे. न वाचता पुढे सरकवी. एवढं वाचत बसलं तर मागची रांग खोळंबेल. हे कलम ज्याने लिहिलं त्याने एखाद्या कचेरीत नोकरी केली असली पाहिजे. जाड फाइल वाचून कुणी सही केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि चौथा. त्या दिवाळीत लागून चार दिवस सुट्टी होती. सुट्टीच्या पहिल्याच रात्री राखणदार पडला; का पडला ते लॉगमध्येही नव्हतं. राखणदार जागेवर नसेल तर पोऱ्याने काय करायचं हेही ठरलेलं आहे: मेल अडवायचा नाही, न तपासता आत सोडायचा. चांगलं पत्र हरवण्यापेक्षा कचरा आलेला परवडला. त्यामुळे चार दिवस सगळंच आत आलं. सुट्टी संपल्यावर मी धसका घेऊनच कचेरीत शिरलो. जिन्यापाशी उभं राहून, बाबा वेतोबा, एवढं निभाव, हा उठून बसला आणि टिकला तर तुला वहाणांचा जोड वाहीन, असंही पुटपुटलो. स्पॅमडी उठला. मग वर गेलो. कुणाची तक्रार नव्हती. उलट आनंदीआनंद. ज्यांना दिवसाला दोन मेल येत त्यांना एकेकाला दीडशे आले होते. हेडक्लार्क कुणाला तरी फोनवर सांगत होते, "फार कामात आहे हो, टपाल तुंबलंय." साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सर्व्हर आता खरा चालायला लागला." पुढच्या दिवशी मेल पुन्हा दोनवर आले तेव्हा लोकांची तोंडं पडली.

वेगाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १ जानेवारी २०१० ला सकाळी कितीतरी जणांच्या नवीन वर्षाच्या शुभेच्छा कचऱ्यात गेल्या. आमच्याकडेच नव्हे, जगभर. नियमांत एक नियम असा होता, की मेलवरची तारीख फार पुढच्या काळातली असेल तर गुण द्या. आणि 'फार पुढचा काळ' म्हणजे २०१० ते २०९९, असं कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलं होतं. लिहिताना ते साल खरोखर उगवेल असं त्याला वाटलं नसावं. चूक आधीच कुणाच्या तरी लक्षात येऊन दुरुस्त झाली होती, पण ती दुरुस्ती लोकांच्या यंत्रांपर्यंत पोचली नव्हती. पाचपैकी तीनच्या आसपास गुण नुसत्या आजच्या तारखेला! जुना, दर मेलला मरणारा पंडित असता तर त्याने हीच चूक साडेतीन सेकंदाला एक या दराने केली असती. आमच्या बसलेल्या राखणदाराने ती भराभर केली.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन शिरोड्याला गेलो. आई आता ब्याऐंशीची. पहाटे सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेआठला. आई पाचपासून दारातल्या खुर्चीत. गाडी भाचा चालवत होता. तो हिंजवडीत नोकरी करतो. आंबोलीच्या घाटात त्याने मला सांगितलं, "मामा, आता सर्व्हरबिर्व्हर कुणी ठेवत नाही. मागणी आली की छोटंसं फंक्शन जन्मतं, काम करतं, जातं. बसून कुणीच नसतं." ॲमेझॉनने २०१४ साली लॅम्डा आणल्यापासून ही तऱ्हा फोफावली म्हणे.

मी म्हटलं, "आणि जन्मायला वेळ लागत नाही?"

"लागतो ना. त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. मोठा वैताग आहे."

"मग काय करता?"

"त्यावर सोय निघाली, २०१९ मध्ये. थोडे जास्त पैसे भरायचे, की ते काही जणांना आधीच जन्माला घालून, तयार करून बसवून ठेवतात."

मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती पर्स मांडीवर धरून बसली होती.

युनिक्सवाल्यांच्या घरात हा हिंदोळा नवा नाही, हे मी भाच्याला सांगणार होतो. १९८० च्या दशकात रॅम इतकी महाग, की सगळ्यांनी बसून राहणं परवडत नसे. म्हणून इनेटडी नावाचा एकच द्वारपाल बसे आणि कुणी आलं की ज्याला त्याला झोपेतून उठवी. मग वेबची पानं दर भेटीला नवा प्रोग्राम जन्माला घालू लागली, तेव्हा १९९६ च्या सुमारास फास्टसीजीआय आलं आणि पुन्हा बसवून ठेवणं सुरू झालं. पण घाटात वळणं होती आणि भाचा एका हाताने गाडी चालवत होता, म्हणून गप्प बसलो.

आरवलीला देवळात गेलो. वीस वर्षं राहिलेला नवस होता. वहाणांचा जोड आधी सांगून करून घेतला होता. एकेक वहाण माझ्या कोपरापर्यंत येईल एवढी. पायाशी ठेवल्या, केळ्यांचा घड ठेवला. बाहेर सावलीत टेकल्यावर आईने विचारलं, "कसला रे नवस होता?"

मी तिला सगळं सांगितलं. जिन्याखालचं यंत्र, दर पत्राला जन्मणारा आणि मरणारा पंडित, मग बसवून ठेवलेला राखणदार, तो दिवाळीत पडला ते. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो बसूनच असतो ना?"

"हो."

"दिवसभर?"

"दिवसरात्र."

"मग वहाणा कशाला झिजतील त्याच्या?"